एक सोडून एक

पत्रेवाला तोंडाचा फटकळ होता, पण त्याचं काम बघून लोक त्याचं तोंड सहन करायचे. एका पत्र्याला आठ हुक, प्रत्येक हुकाला वायसर, वायसराखाली डांबर. "सहात भागेल की हो," असं कुणी म्हटलं, तर हा छपरावरूनच विचारायचा, "दात किती ठेवलेत तोंडात? त्यातलेही दोन काढू का?" त्याच्या हातचं एकही छप्पर कधी उडालं नव्हतं. स्वतःच्या घरात तर बायकोने दार रंगवून उरलेला हिरवा रंग आतून दिसणाऱ्या हुकांना फासला होता, गंज धरू नये म्हणून. "वर पोपट टांगलेत का?" असं तो तिला चिडवायचा आणि आल्यागेल्याला मात्र हौसेने वर बघायला लावायचा.

अशा माणसाने आयुष्यात एकदाच शेण खाल्लं.

अकरा वर्षांपूर्वी बायकोच्या थोरल्या भावाने टेकाडावर घर बांधलं. छपराचं काम अर्थातच घरच्या माणसाकडे आलं. सकाळी बारा पत्र्यांना भोकं पाडून झाली. दुपारी जेवताना हा मेहुणा चार पाहुण्यांदेखत म्हणाला, "आमच्या जावईबापूंचं बरं आहे. पत्रे ठोकायला अक्कल लागत नाही, हातोडी असली की झालं!" पाहुणे खो खो हसले. पत्रेवाला मुकाट जेवला, हात धुऊन वर चढला आणि एक सोडून एक भोकात हुकाऐवजी नुसतं डांबर भरून खाली उतरला. गळत नाही तोवर छपराकडे मान वर करून बघतो कोण?

मग तो वाऱ्याची वाट बघू लागला. दरवर्षी वारा यायचा, झाडं पाडायचा, आणि मेहुण्याचं छप्पर जागचं हलायचं नाही. अर्ध्या हुकांवरसुद्धा आपलं काम टिकतंय, याचा अभिमान बाळगावा की चडफडावं, हे त्याला कळेना. पुढे राग निवला. हुक मात्र राहिले ते राहिलेच.

यंदाचं वादळ समुद्रात उठलं तेव्हा ते आपल्याकडे येणारच नव्हतं. रेडिओ म्हणाला, दक्षिणेला जाईल. मग म्हणाला, उत्तरेला वळलं. मग ते दोन दिवस एका जागी फुगत बसलं, रुसलेल्या पाहुण्यासारखं. तिसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली, की ती अवदसा सरळ इकडेच निघाली आहे आणि दुपारी पोचेल. लोकांनी पत्रेवाल्याच्या दुकानातला हुकांचा खोका न् खोका उचलून नेला. खालच्या आळीत पाणी शिरणार हे ठरलेलंच होतं, म्हणून बायकोने आईला, लेकीला आणि दोन्ही नातवंडांना घेतलं आणि टेकाडाची वाट धरली.

"दादाकडे जातोय आम्ही," ती म्हणाली. "तुम्हीच ठोकलेलं छप्पर आहे, त्याच्याइतकं भक्कम दुसरं काय असणार?"

पत्रेवाल्याने मनातल्या मनात हिशेब केला. अठ्ठेचाळीस हुक कमी होते. दुकानात एकही नव्हता. तो घटकाभर आपल्याच घरात वर बघत उभा राहिला. सहा पत्रे, आठ आठ हुक. मग त्याने शिडी लावली आणि पाना घेऊन स्वतःचं छप्पर सोडवायला बसला. आयुष्यात इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं.

टेकाडावर तो वर चढला तेव्हा शिडी थरथरत होती. खालून मेहुणा ओरडला, "जावईबापू, उतरा! वेड लागलंय का?"

"वायसर बघतोय!"

"अहो, माझं छप्पर भक्कम आहे!"

"ते माहितेय मला!" पत्रेवाला किंचाळला आणि भोकं पाडायच्या लोखंडी पंचाने डांबर फोडू लागला. शेवटचे सहा हुक त्याने पालथं पडून लावले.

दुपारभर वादळ छपरावर नाचलं. एकेक पत्रा कण्हत होता. सगळे जमिनीवर पडून वर बघत होते, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. एक हुक गंजून तांबडा, एक हिरवा. एक तांबडा, एक हिरवा. बायको बराच वेळ बघत राहिली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याने नातवाचं पांघरूण विनाकारण सारखं केलं.

संध्याकाळी गाव ओळखू येईना. एक होडी बस स्टँडवर गाडीची वाट बघत असल्यासारखी उभी होती. शाळेचं छप्पर तळ्यात होतं, आणि पत्रेवाल्याचे दोन पत्रे पाण्याच्या टाकीला मिठी मारून बसले होते. घराच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या. पत्रेवाल्याचंच छप्पर उडालं, म्हणून त्या अवस्थेतही लोक पोट धरून हसले.

मेहुणा मात्र हसला नाही. सगळ्यांसमोर त्याचा हात धरून म्हणाला, "हसू नका. माझी पाच माणसं आज याच्यामुळे वाचली. पत्रे ठोकायला अक्कल लागते. मी एकदा भलतंच बोललो होतो, जावईबापू. माफ करा."

हे शब्द ऐकायला पत्रेवाल्याने अकरा वर्षं काढली होती. आता ते कानात शिशासारखे उतरले.

"नाही हो, दादा," तो म्हणाला. "मी अर्धेच हुक लावले होते. मुद्दाम. आज सकाळी बाकीचे लावले."

मग मेहुण्याने डोळे पुसले. "बघा, केवढा मनाचा मोठेपणा! मला लाज वाटू नये म्हणून स्वतःवर घेतोय." लोकांनी माना डोलावल्या. पत्रेवाला पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि जितकं सांगेल तितका थोर होत गेला.

बायको एक अक्षर बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढचे दोन महिने भावाकडे राहिले तेव्हाही नाही.

नवे पत्रे आले, आणि पत्रेवाला आपल्या घरावर चढला. बायको खाली, उघड्या घराच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि मान वर करून मोठ्याने मोजू लागली. "पाच. सहा. सात."

"आठवा लावतोय," तो वरून म्हणाला.

"लावा. आई आणि पोरं होती त्या छपराखाली." मान तिने खाली केली नाही. "मी उभी आहे इथे."

त्याने आठवा हुक आवळला, आणि शिडी पुढच्या पत्र्याकडे सरकवली. खालून पुन्हा एकपासून सुरू झालं.