दोराच्या त्या टोकाला

ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं. दाभोळच्या एका मच्छीमार लाँचीवर मी ड्रायव्हर होतो, म्हणजे इंजिन सांभाळायचो. लाँच कुठे न्यायची ते तांडेल ठरवायचा, आणि आमचा तांडेल माझा सख्खा चुलता होता. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

गणपती होऊन गेले होते. हस्ताचे दिवस. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर अचानक वाऱ्यापावसाची झोड. त्या दिवशी आम्ही जाळं ओढून परत फिरलो होतो, किनारा अजून दिसत नव्हता, तेवढ्यात एका खलाशाला पश्चिमेला गलबत दिसलं. शीड नाही, धूर नाही, लाटेला आडवं पडलेलं. जवळ गेलो तर माणसंच माणसं. पंचवीस-तीस तरी असतील. सगळे एका बाजूला आले आणि हात हलवू लागले, तसं गलबत त्याच बाजूला कललं.

"मधी बसा सगळे. उभा राहील तो बुडवील," काका ओरडला.

ते बसले. काकाने लाँच भिडवली नाही. भिडवली असती तर सगळ्यांनी एकदम उड्या टाकल्या असत्या, आणि आमची लाँच मासळीने आधीच जड होती. लांबूनच ओरडून बोलणं झालं. ती माणसं दुबईला निघाली होती. खेड, मंडणगडकडची आतली माणसं. गवंडी, सुतार, शेतकरी. कागदपत्रं नसलेल्यांना एजंटाने बुरोंडीच्या पुढे एका खाडीतून चढवलं होतं. दुसऱ्या दिवशी इंजिन बंद पडलं. गलबताचे खलाशी मदत आणतो म्हणून छोटी होडी घेऊन गेले, ते आलेच नाहीत. त्याला तीन दिवस झाले होते. पाणी संपलं होतं.

आम्ही पाण्याचे कॅन दोरीला बांधून सोडले. मग जाड दोर पाठवला, तो त्यांनी डोलकाठीच्या बुंध्याला बांधला. आमच्याकडे वायरलेस नव्हता. कुणाला कळवायची सोयच नव्हती. ओढायला सुरुवात केली तर गलबत मागून दगडासारखं येत होतं. आत पाणी भरत होतं. डब्यांनी उपसून उपसून त्यांचे हात सोलवटले होते.

"इंजिनापाशी कुठनं तरी येतंय. कोण तरी बघायला हवा," काका म्हणाला. इंजिनातलं कळणारा मी एकटाच. आमचं इंजिन नुसतं चालू ठेवणं दुसऱ्या खलाशाला जमत होतं.

मी कमरेला दोरी बांधत होतो तेव्हा काका जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "ते खाली जायला लागला तर मी दोर तोडीन. लाँचीवर सहा जण आहेत. तुला आधी हाक मारीन. ऐकू आली की उडी टाक."

मी मान हलवली. मोठ्या दोराला धरून पाण्यातून गेलो. वर ओढून घेणाऱ्या हातांत जोर नव्हता, पण ते सुटत नव्हते. वर चढून कमरेची दोरी सोडली.

इंजिनाच्या खणात कमरेएवढं पाणी, डिझेलचा आणि ओकारीचा वास. चाचपडत पंख्याच्या शाफ्टपाशी गेलो. शाफ्ट बाहेर जातो तिथलं पॅकिंग कुजून गेलं होतं आणि तिथून पाणी सरळ आत येत होतं. तिथे पडलेल्या एका लुंगीच्या चिंध्या फाडून ग्रीसमध्ये भिजवल्या, स्क्रू-ड्रायव्हरने ठासून भरल्या, नट आवळला. धार कमी झाली. पूर्ण थांबली नाही.

वर आलो तर आभाळ काळं झालेलं. पावसाची भिंत अंगावर आली, गलबत मागे खेचल्यासारखं झालं आणि दोर एकदम सैल पडला. लाँच दिसेनाशी झाली. मी कान देऊन होतो. काकाची हाक आली नव्हती. पण त्या वाऱ्यात आली असती तरी मला कळली असती का? दोर तुटला की तोडला, हेच मला कळेना. दात वाजायला लागले. थंडीने नव्हे.

कुणीतरी माझ्या चड्डीच्या पट्ट्याला धरलं. पन्नाशीचा गवंडी होता.

"घाबरू नका. तुमी हायत ना हितं. तुमाला टाकून ते जायाचे नाय," तो म्हणाला.

त्याला काय सांगणार? मी म्हणालो, "उपसत राहा."

सगळे उपसत राहिले, मीही. कोपऱ्यात एक माणूस चादरीखाली निजला होता. त्याला कुणीच हाक मारत नव्हतं, तेव्हा मी समजलो.

पाऊस सरला तेव्हा लाँच उजवीकडे दिसली, आम्हालाच शोधत फिरत होती. मला रडू आलं. काकाने दुसरा दोर टाकला आणि ओरडला, "तू इकडे ये आता."

मी पुढे सरकलो. गवंड्याने पट्टा सोडला नाही. आणखी दोघे माझ्यासमोर उभे राहिले. कुणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही.

"तुमी गेलात की ते दोर तोडतील," गवंडी म्हणाला. "आमी तरी तेच केला असता."

मी त्याच्या डोळ्यांकडे बघू शकलो नाही. काकाला ओरडून सांगितलं, "मी इथेच थांबतो. पाणी अजून येतंय." ते खरंही होतं. पण पाण्यासाठी थांबलो असं म्हणणं खोटं ठरेल. राहायची मला भीती वाटत होतीच, पण त्या तिघांना ढकलून जायची त्याहून जास्त वाटली. मग काकाने लाँच हळूहळू पुढे घेतली.

चार तास आम्ही तसे आलो. दर लाटेला दोर ताणला की सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळायच्या. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. तिथे गलबत दोनदा आडवं झालं आणि माणसं मोठ्याने देवाचा, अल्लाचा धावा करू लागली. गवंड्याची मूठ तशीच माझ्या पट्ट्यात होती.

दिवस मावळायच्या आत धक्क्याला लागलो. बायांनी घराघरांतून पेज आणली. पोलिसांनी, कस्टमवाल्यांनी जबाब घेतले. चादरीखालच्या माणसाचं गाव कुणालाच ठाऊक नव्हतं. गलबतात शेजारी बसला, तेवढीच काय ती बाकीच्यांशी त्याची ओळख.

जबाब झाल्यावर गवंड्याला मी घरी नेलं. बायकोने आंघोळीला पाणी तापवलं, भात वाढला. गावाहून निघताना त्याने आपल्या बायकोला मुंबईला बिल्डिंगच्या कामावर जातो म्हणून सांगितलं होतं. जेवताना त्याने विचारलं, "खेडला यष्टी किती वाजता हाय?"

"सकाळी सातला."

"मग माजी बायको इचारील, मुंबयचा काम एवढ्यात संपला कसा."

माझ्या बायकोने त्याच्या पानात आणखी भात वाढला. तो खाली मान घालून जेवत राहिला.