तिखटाचा आळ

माझ्या हातच्या तिखटानं नवरा गेला, असं वडीगोद्रीतल्या काही बाया अजूनही मानतात.

लग्न झालं तेव्हापासूनच यांचं पोट दुखायचं. जुन्या जालन्यातल्या डॉक्टरांनी अल्सर सांगितला, म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम. तिखट बंद, चिंता बंद, दूध प्या. मी यांची भाजी वेगळ्या पातेल्यात शिजवत असे. मिरचीला लागलेली पळी तिकडं जाऊ देत नसे. तरी दुखलं की सासूबाई आधी ते पातेलं हुंगायच्या.

"झणका येऊन राह्यला."

"आत्या, मिरची दाखवलीसुद्धा नाही त्याला."

हे ताटावरून म्हणायचे, "आई, इतकं अळणी तर दवाखान्यात बी भेटत न्हाई."

दुधानं घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. एका सकाळी रक्ताची उलटी झाली. जीप जालन्याला पोचायच्या आत हे गेले. मयताला जमलेल्या माणसांसमोर सासूबाई म्हणाल्या, "मास्तरीण सून केली. पुस्तकं वाचीत बसली अन् माझ्या पोराला मिरचीनं पोखरलं."

बऱ्याच वर्षांनी शाळेत येणाऱ्या एका मासिकात लेख वाचला. जठरातल्या आम्लात जंतू टिकत नाही, असंच डॉक्टर शिकत आले होते. ऑस्ट्रेलियात दोघा डॉक्टरांना जठरातच एक मळसूत्रासारखा पिळाचा जंतू सापडला. तो स्वतःभोवतीचं आम्ल सौम्य करून अस्तरात रुतून बसतो. अस्तर दुबळं झालं की आम्ल त्याला खातं. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा त्यांच्यातला एक जण ते जंतू स्वतः प्यायला आणि आजारी पडला. मिरचीनं आग होते. पण बहुतेक अल्सर होतात ते या जंतूनं, नाहीतर अंगदुखीच्या गोळ्यांनी. तसल्या गोळ्या यांनी कधी घेतल्या नव्हत्या. आठवडा-दोन आठवडे जंतू मारणारी आणि आम्ल कमी करणारी औषधं घेतली की बहुतेकांची जखम भरते.

लेखातली सालं पाहिली. हे जिवंत होते तेव्हाच जंतू सापडलेला होता. फक्त आमच्यापर्यंत कुणी ते आणलं नव्हतं.

मासिक घेऊन मी सासूबाईंपुढं बसले. सगळं सांगून झालं तरी त्या गहू निवडत राहिल्या.

"मंग तो जंतू पोटात गेला कुठून? तुझ्याच सैपाकातून ना?"

उत्तर पुढच्याच ओळीत छापलेलं होतं. मी आवाज न चढवता वाचलं : हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून शरीरात शिरतो.

"लहानपणी?"

"हो, आत्या."

त्यांचा हात सुपात थांबला. हा क्षण आला की मला मोकळं वाटेल, असं वाटलं होतं.

"मी घास चावून भरवायची त्याला," त्या म्हणाल्या.

बहुतेकांच्या पोटात तो जंतू जन्मभर काही न करता पडून राहतो, हेही त्याच पानावर होतं. ते मी वाचून दाखवलं नाही.