पाणी उतरलेल्या जानेवारीतला पेपर

मिस आल्मेडा टिप्टन इतिहास उलटसुलट शिकवतात, असं आमच्या शाळेत सगळेच म्हणायचे. टेनेसीतल्या बाकीच्या शाळांत अकरावीचा अमेरिकेचा इतिहास ऑगस्टमध्ये पहिल्या वसाहतींपासून सुरू व्हायचा, थंडीत गुलामांवरून पेटलेल्या युद्धाशी पोचायचा आणि एकोणीसशे तिसाची मंदी मार्चअखेर उगवायची. मिस आल्मेडांच्या वर्गात मात्र जानेवारी लागला की पोरं धाडकन मंदीत जाऊन पडायची आणि फेब्रुवारीत पुन्हा युद्धाकडे मागं वळायची.

"मिस आल्मेडा, लिंकन मेला होता ना? मग परत कसा आला?" पोरं विचारायची.

"पाणी चढलं ना बाबा, म्हणून आला. मी वेळापत्रक पाण्याचं पाळते, लिंकनचं नाही."

त्यात चेष्टा अर्धीच होती. आमची जुनी दरी छत्तीस साली धरणाखाली गेली. दर हिवाळ्यात पुराची सोय म्हणून धरणवाले जलाशय उतरवतात. जानेवारीत पाणी सगळ्यात खाली असतं, काठाशी जुना रस्ता उघडा पडतो, आणि मार्चच्या मध्यापासून सगळं परत झाकलं जातं. मार्चअखेर मंदी शिकवायची म्हणजे धरणाचा धडा धरण भरलेलं असताना शिकवायचा. पोरांना दाखवणार काय, बोटी?

मी शेजारच्या खोलीत गणित शिकवायची. नऊ वर्षं आमच्या दोघींच्या मधे एकच भिंत. दर ऑगस्टला, शाळा उघडायच्या आठवडाभर आधी, त्या खाटकाच्या दुकानातून तपकिरी कागदाचा रोल आणायच्या आणि वर्गाच्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरायच्या. एकसष्ट वर्षांची बाई गुडघ्यांवर. आधी टोकाला मे महिन्यातला पेपर लिहायच्या, सगळे प्रश्न गुणांसकट, आणि मग तिथून मागं रांगत यायच्या. कुठल्या आठवड्यात काय शिकवलं तर मेमध्ये पोरगं हे लिहू शकेल, असा हिशेब.

"अगं रॅमोना, बघतेस काय? पाय काढ. तू सतराशे शहात्तरवर उभी आहेस."

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आमचे प्राचार्य मिस्टर ओगल दारात आले ते हातात छापील तक्ता घेऊन. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांनी एका आठवड्यात एकच धडा शिकवायचा, क्रमानं, कारण मेमध्ये राज्याची परीक्षा. त्यांनी फरशीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि जपून कडेनं आत आले.

"मिस आल्मेडा, यंदा हे गुंडाळा."

"कागद गुंडाळू की गाशा?"

"तुमची निवृत्तीपर्यंत दोन वर्षं राहिलीत. ती सातवीच्या पोरांपुढं भूगोल शिकवण्यात घालवायचीत का? धडे तक्त्याप्रमाणे. सहामाहीचा पेपर तेवढा शिक्षकाचा, तो तुम्ही काढा. बाकी एक आठवडा इकडचा तिकडे नाही."

ओगल गेल्यावर मिस आल्मेडा कागदावर तशाच बसून राहिल्या. मला वाटलं गुडघे धरले असतील. हात द्यायला गेले तर म्हणाल्या, "दार लाव."

आणि मग मला ते सांगितलं, जे त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात धरणाचे दरवाजे दुरुस्त करायचे होते. त्यासाठी पाणी नेहमीपेक्षा चाळीस फूट जास्त उतरणार होतं, पार पेनल चर्चच्या दफनभूमीपर्यंत. दरी बुडाली त्यानंतर ती जमीन कुणी पाहिलेली नव्हती. छत्तीस साली सरकारनं तिथल्या कबरी वर डोंगरावर हलवल्या होत्या. माणूस खड्ड्याशी उभा राहायचा, नातं सांगायचा, सही करायचा, मग कबर हलायची. चाळीस हलल्या. यादीत एक्केचाळिसावी ओळ होती : मूल, चार वर्षं, वारस नाही, जागा मिळाली नाही.

"वारस होता," मिस आल्मेडा म्हणाल्या. "माझी आजी लेटी. लग्नाआधीची मुलगी तिची. आयडेला नाव. सरकारी माणूस विचारायला आला तेव्हा आजोबा शेजारी उभे होते, कडेवर तान्हं होतं. आजी म्हणाली, आमची नाही. मरताना मला एवढंच म्हणाली, मी नाही म्हणाले गं. जागा सांगायच्या आधी गेली."

धरणाच्या कचेरीनं नोटीस काढली होती : राहिलेली कबर कुणाची असेल तर दहा मार्चच्या आत जागा दाखवा, नातं लिहून द्या. त्यानंतर ती जमीन पाण्याखाली जाणार. पुन्हा दरवाजे दुरुस्त होतील तेव्हा आपल्यापैकी कुणी नसेल. मिस आल्मेडांना तिथं वर्गातली पोरं न्यायची होती.

"मग एकट्याच जा की, मिस आल्मेडा. कशाला पोरं?"

"गेले आणि कुठंतरी बोट ठेवलं, की म्हणतील म्हातारीला भास होतात. मला न बोलता मोजणारी माणसं हवीत. पुष्कळ." त्यांनी तक्ता उचलला, चष्मा सरकवला. "सप्टेंबर, दुसरा आठवडा. वसाहतवाल्यांनी जमिनी कशा मोजल्या. बघ, धडा यांचाच आहे. आणि सहामाहीचा पेपर माझा."

एकवीस जानेवारीला सकाळी साडेनवाला शाळेची बस जुन्या बोटधक्क्याशी थांबली. पालकांच्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या, पोरांना बूट घालून यायला सांगितलं होतं, आणि दुसरी देखरेख म्हणून मी होते. ओगलांच्या टेबलावर पेपरची प्रत नियमाप्रमाणे ठेवली होती, पण ते पेपर कधी वाचत नसत.

आम्ही जुन्या रस्त्यानं खाली उतरलो. अर्धा मैल गेल्यावर धुकं इतकं दाटलं की पुढच्या पोराची पाठ तेवढी दिसायची. पायाखाली शिंपले करकर मोडत होते. गाळाला भेगा पडलेल्या, एकेक ढेकूळ ताटाएवढं. बुंधे सगळे कापलेले, एका उंचीला. पक्षी नाही, वारा नाही. बसमध्ये शिव्या देत, एकमेकांच्या टोप्या उडवत आलेली सव्वीस पोरं आपोआप गप्प झाली. मग धुक्यातून चर्चच्या दगडी पायऱ्या आल्या. सात पायऱ्या, वर काही नाही.

ड्यूई क्लॅबो नावाचा दांडगट पोरगा, फुटबॉलवाला, पहिल्या पायरीशी थांबला आणि त्यानं टोपी काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

मिस आल्मेडांनी प्रश्न वाचला. "ही दफनभूमी पावलांनी मोजा. नकाशा काढा. सरकारी यादीशी ताडून पाहा आणि जे आढळेल ते दाखवा. चाळीस गुण, दीड तास. परीक्षेचा नियम तोच, बोलायचं नाही, दुसऱ्याच्या कागदात बघायचं नाही."

त्यांनी एकेकाला वेगवेगळ्या बाजूनं आत सोडलं. मला कुंपणाच्या उरलेल्या खांबाशी उभं केलं आणि स्वतः पाठ करून पायऱ्यांवर बसल्या. आपली नजर कुठं गेली तर पोरांची तिकडे जाईल, म्हणून. दीड तास त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

मी पाहत होते. पोरं धुक्यात पावलं मोजत जायची, दिसेनाशी व्हायची, परत यायची. हलवलेल्या कबरींचे खड्डे ओळीनं खचलेले होते, चाळीस. ईशान्येच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या बाहेर, एक जागा होती. खड्डा नाही, दगड नाही. तिथं गाळाला भेग मात्र नव्हती, हातानं सारवल्यासारखा सपाट. मोजत येणारं प्रत्येक पोरगं तिथं आलं की अंतर ठेवून वळायचं. झोपलेल्या माणसाला वळसा घालतात तसं.

कागद गोळा केले ते बसमध्येच पाहिले. नकाशे म्हणजे आनंदीआनंद होता. उत्तर दिशा चार जणांची चार दिशांना. एकानं चर्च त्रिकोणी काढलेलं. ड्यूईनं खड्डे सत्तेचाळीस मोजलेले. पण सव्वीसच्या सव्वीस कागदांवर, त्याच कोपऱ्यात, कुंपणाबाहेर एक लहान फुली होती.

"ड्यूई, ही कशाची?" मी विचारलं.

"काय माहीत, मिस. तिथून चालवेना."

"का?"

"तुम्ही चालला असता का?"

पुढच्या बाकावर कझाया हेन्स होती, वर्गातली सगळ्यात नीटस पोरगी. तिनं आपला कागद माझ्या हातातून घेतला, बराच वेळ पाहिला. "अक्षर माझं आहे, रेघा माझ्या आहेत," ती म्हणाली. "फुली काढल्याचं मला आठवत नाही." आणि तिनं कागद असा परत दिला की जणू तो ओला होता.

मिस आल्मेडा ड्रायव्हरच्या मागं बसल्या होत्या. त्यांनी एकही कागद मागितला नाही. फक्त विचारलं, "किती जणांनी?" मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटले.

धरणाच्या कचेरीतला फॅरिस नावाचा माणूस रोखठोक होता. त्यानं कागद टेबलभर पसरले, एकावर एक धरून खिडकीशी नेऊन पाहिले.

"बाई, एकानं येऊन सांगितलं असतं तर मी कॉफी पाजून घरी पाठवलं असतं. रोज एक येतो. पण परीक्षेत, बोलायला बंदी असताना सव्वीस पोरं..." त्यानं मानेवरून हात फिरवला. "मी काय समजायचं?"

"समजू नका. खणा."

"खणतो. पण फॉर्मात नातं लागेल. वारस नाही असं यादीत आहे. आता कोण म्हणतं, आहे?"

फॉर्म त्यांच्यापुढं होता. मला माहीत होतं त्या सहीनं काय होणार. आजोबांचं नाव आमच्या नव्या चर्चच्या सभागृहावर कोरलेलं आहे. मिस आल्मेडांची आई ऐंशी वर्षांची, आपण घरातलं पहिलं अपत्य अशा समजुतीत ती जगलेली. पेन बराच वेळ कागदाच्या वर राहिलं. मग त्यांनी लिहिलं, मावशी, आणि खाली सही केली.

आई त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. ओगल बोलले, भरपूर बोलले, तेही पालकांच्या देखत. पुढच्या ऑगस्टपासून सातवीचा भूगोल, हे त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. मिस आल्मेडा म्हणाल्या, "बरं. नद्यांपासून सुरू करीन."

नऊ मार्चला सकाळी खणलं. पाणी तोवर पायऱ्यांखालच्या रस्त्याच्या वळणापर्यंत आलं होतं. फुलीच्या जागी साडेतीन फुटांवर माती काळी झाली आणि फावडं थांबलं. हाडं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. एक शिंपल्याचं बटण होतं, आणि लाकडाचा काळपट चुरा. अशा वेळी काळी माती उचलून पेटीत भरतात, तीच कबर धरतात. फॅरिसनं भरली. पाइनच्या फळ्यांची पेटी, बुटांच्या खोक्याएवढी. गाडीपर्यंत ती मीच उचलून नेली. दोन किलोही नसेल.

वर डोंगरावरच्या दफनभूमीपर्यंत गाडी मिस आल्मेडा चालवणार होत्या. पेटी त्यांनी पुढं शेजारच्या सीटवर ठेवायला सांगितली, मी मागं बसले. चढाचा रस्ता लागला आणि त्या हळू आवाजात बोलायला लागल्या, माझ्याशी नव्हे. हे हेन्सांचं घर. हा नवा पूल. इथं तुझी बहीण राहते, ती यायची नाही आज, रागावलीय.

तेवढ्यात गाडी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. समोर लाल दिवा : शेजारच्या सीटवर माणूस बसलंय, पट्टा लावलेला नाही. त्या सीटवर मी कित्येकदा बटाट्यांची पाच किलोची पिशवी ठेवलेली आहे. ती कधी वाजली नाही.

मी म्हणाले, "मिस आल्मेडा, थांबवता का गाडी?"

त्यांनी थांबवली नाही. एक हात चाकावर ठेवून त्या वाकल्या, पट्टा ओढला, पेटीवरून घेऊन खटकन लावला.

"बस गं नीट," त्या म्हणाल्या. "आलंच."

आवाज बंद झाला.