मैनावहिनीचा न वाजणारा डबा

तर त्या डब्याचं काल अर्ध्यावरच राहिलं. तुम्ही जेवायला उठलात, नाहीतर मी थांबणारा माणूस नाही.

मैनावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा स्टील प्लांटात लागला तेव्हा ती साकोलीकडून भिलाईला आली, मांडीवर मातीचे भुलाबाई-भुलोजी, म्हणजे आमचे पार्वती-शंकर, घेऊन. गाडीत टीसीनं गमतीनं विचारलं, यांचं तिकीट? वहिनी म्हणाली, "दोघंबी पाच वर्षांच्या आतले हायेत." टीसी पुढच्या स्टेशनापर्यंत हसत होता. मीही अजून हसतो.

आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात. शेवटी घरची बाई झाकलेला डबा पुढे ठेवते. वाजवून, हुंगून आतला खाऊ ओळखायचा. नाव सांगितल्याशिवाय झाकण निघत नाही. वहिनी त्यात बोरकूट भरायची, वाळल्या बोरांची पूड, गूळ-मीठ घालून अशी दाबून की कितीही हलवा, डबा मुकाच. आमच्या रुआबांधा वस्तीतल्या पोरींना तिनं पार दिवेलागण होईपर्यंत रडवलंय.

मग पोरी कोचिंगला जाऊ लागल्या आणि अंगण रिकामं पडलं. तेव्हा वाचनालयातल्या ऐश्वर्यामॅडमनी शनिवारच्या कार्यक्रमांत वहिनीला एक संध्याकाळ दिली. सांगितलं मात्र स्पष्ट, "आजी, मुली शेवटपर्यंत बसल्या तर दरवर्षी ठेवू. नाहीतर हा शनिवार क्विझवाल्यांना जाईल."

पोरी जमतील अशी वहिनीला दुसरी जागा नव्हती. महिनाभर तिनं नातीला, टीनाला, पोळ्या लाटता लाटता गाणी शिकवली. मला म्हणाली, "टीना बसन तं बाकीच्या बसतीन."

त्या शनिवारी पोरी आल्या, पण घागरे घालून. रात्री सिविक सेंटरला गरबा होता. वहिनी ओळ सांगायची, टीना तेवढी म्हणायची, बाकीच्या टाळ्या द्यायच्या त्या गरब्याच्या ठेक्यात. मी मागच्या रांगेत बसून मान डोलवत होतो. कसंही असो, हॉल भरला होता.

मग डबा आला. टीनाची मैत्रीण मोना, तिनं कानाशी धरून हलवला.

"आजी, ये तो खाली है."

"खाली नाही बाई, हुंगून पाह्य."

"मसाला?"

"नाही. झाडाले लागते. त्या झाडाले काटे असते."

"कैक्टस?"

मला इतकं हसू आलं की कवळी हातात घ्यावी लागली. नाव जिभेवर नाचत होतं, पण या खेळात पुरुषानं बोलायचं नसतं. वहिनीनं डोळे वटारले, मी तोंडावर रुमाल धरला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पोरींनी टीनाकडे पाहिलं.

"आजी, बता दो ना. खोल दो. देर हो रही है."

"मी सांगितल्यावर तू काय ओळखशीन?"

"तो अगले साल ओळखेंगे ना."

"पुढच्या साली हे नाही राहत, टीना. बस जराशी."

टीना बसली. खरंच बसली, जराशी. हॉर्न पुन्हा वाजला तशी उठली, आणि घागऱ्यांची सगळी रांग तिच्यामागे गेली.

ऐश्वर्यामॅडमनी एकेक पंखा बंद केला. शेवटच्या पंख्याशी थांबून म्हणाल्या, "आजी, उघडून द्यायचा होता हो. थांबल्या असत्या. आता मी वर काय सांगू?"

वहिनीनं भुलाबाई पदरात गुंडाळली.

घरी येताना ऑटोत डबा तिच्या मांडीवर होता. नेहरू नगरचा चौक गेला. मला गप्प बसणं जमत नाही, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हणालो, "वहिनी, बोरकूट."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि झाकणाला हात घातला. घट्ट बसलं होतं, दोनदा ओढावं लागलं. आंबूस-गोड वास ऑटोभर झाला. ऑटोवाल्यानंही मागे वळून पाहिलं. मग वहिनी म्हणाली:

"बरोबर ओळखलं, भाऊजी. पुरुषमाणसानं बोलू नाही म्हणत, पण आता मोडाले नेम उरलाच कुठं. रुमाल पसरा, सारं घेऊन जा. आमच्या घरी हे कोणी खात नाही."