कोनं मोडलं?

डोणगावच्या कामटी मावशीकडे मोडलेलं बोट घेऊन गेलं, की कुठे दुखतं ते ती विचारायचीच नाही. पहिला प्रश्न, "कोनं मोडलं?" उत्तर मिळेपर्यंत हात लावायची नाही. बैलाने, रहाटाने, नवऱ्याने, जे असेल ते सांगावं लागायचं, तेही ओसरीवर बसलेल्या सगळ्यांसमोर.

बांबूच्या कामट्या तासून ती बोटाला बांधायची, म्हणून हे नाव. आधी कापसाची घडी, वर कामटी, आणि मग मोडलेलं बोट शेजारच्या धड बोटाशी जुंपायचं. "मोडक्याले धडाचा शेजार पायजे," म्हणायची. "एकटं ठुलं का वाकडं होते." चोळून आलेल्याची मात्र खैर नसे. "मोडलेलं चोळते का कोनी? कनीक हाय का ते?" हाड कातडीबाहेर आलेलं किंवा बोट गार पडलेलं दिसलं, की तिथूनच मेहकरच्या दवाखान्यात पिटाळायची.

मी गेले तेव्हा उजव्या हाताचं मधलं बोट वांग्यासारखं सुजलं होतं. शिवणकामावर माझं पोट, आणि सुई ढकलायचं अंगुस्तान त्याच बोटात. "पडले," मी म्हणाले. घरून तसंच पढवून आणलं होतं. मावशीने बोट उलटसुलट पाहिलं. "पडल्यावर असं चेपत नाई वं बाई. हे दाराचं हाय."

मी नुसती रडले. नाव कसं घेणार? माझा भासरा, म्हणजे थोरला दीर, बाहेर मोटरसायकलवर बसला होता. माहेरची शिलाई मशीन घेऊन मी वेगळी निघाले, म्हणून त्यानेच माझ्या हातावर दार आपटलं होतं आणि 'घसरून पडली' म्हणून गावभर सांगत सुटला होता मेला! त्या एकदाच मावशीने उत्तर न घेता बांधलं. पण त्याआधी घरात आठ दिवस तेल लावून चोळलेलं ते. जुडलं ते वाकडंच. अंगुस्तान अजून नीट बसत नाही.

मशीन मी नेलीच. दोन वर्षांनी मावशीचं पोलकं शिवून द्यायला गेले, तर भासरा दारात, उजव्या हाताचं मधलं बोट धरून.

"कोनं मोडलं?"

"ट्रॉलीच्या फाळक्यानं. मागची फळी लावताना चेपलं."

"ते दिसते. हिचं कोनं मोडलं होतं?"

ओसरीवरच्या माना वळल्या. "ते... पडली होती ना ते."

मावशीने त्याचा हात खाली ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले. त्याचं बोट ठणकत होतं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? शेवटी घाम पुसत तो पुटपुटला, "म्या."

"मोठ्यानं बोल बापू, मले कमी आयकू येते." चांगलं खणखणीत ऐकू यायचं तिला!

"म्या मोडलं. दार आपटलं हातावर."

मग तिने असं सुबक बांधलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गेल्यावर मी भांडलेच. "वाकडं काऊन नाई ठुलं?"

"वाकडं ठुलं असतं तं लोकायनं कीव केली असती त्याची," ती म्हणाली. "सरळच राहू दे. तुह्या बोटाच्या बाजूले दिसू दे."

तेव्हापासून मी समोर आले की त्याचा उजवा हात खिशात जातो. लग्नात अक्षतासुद्धा डाव्या हाताने टाकतो. माझा राग गेला नाही, जायचा नाही.

मावशी यंदा गेली. तेरवीला तिच्या फोटोसमोर फुलं वाहायची रांग होती, आणि भासरा नेमका माझ्या पुढे. फूल डाव्या हाताने कसं वाहणार? काढावाच लागला उजवा हात. बोट कामटीसारखं सरळ. मी पुढे होऊन माझं फूल त्याच्या फुलाला लागूनच ठेवलं, वाकडं बोट सरळ बोटाशेजारी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "भाऊजी, कोनं मोडलं?"

तो जेवायला थांबला नाही. मी दोनदा वरण घेतलं.