काकांच्या गावची मंडळी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत व्हीसीआर एकच होता, आणि तो नेमका दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे होता. काका नात्याचे नव्हेत. सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणून सगळ्यांचे काका. त्यांच्यावर माझा राग आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली तरी आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

मी तेव्हा अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट होते, लग्न व्हायचं होतं आणि मला झॉम्बींच्या सिनेमांचं वेड होतं. मस्कतचा मामा सुट्टीवर येताना कॅसेट आणायचा. ज्या डब्यावर सगळ्यात घाणेरडं चित्र असेल तो उचल, एवढंच मी त्याला सांगून ठेवलं होतं. बाकीचे सिनेमे घाटकोपरच्या एका व्हिडिओ लायब्ररीतून आणायचे. तिथला माणूस ते मागच्या फळीवर ठेवायचा आणि मुलगी मागतेय म्हणून दरवेळी दोनदा विचारायचा. आई म्हणायची, "मेल्यांका काय बघतंस गो सारख्या? जित्यांका बघ जरा." जित्यांमध्ये बघण्यासारखं कोणी नव्हतं.

माझी मतं तेव्हा पक्की होती आणि आजही तीच आहेत. इटलीवाले उत्तम, कारण ते कॅमेरा वळवत नाहीत. पोट फाडायचं तर फाडून दाखवतात. गोष्ट कुठून सुरू झाली नि कुठे चालली हे मात्र त्यांनाही ठाऊक नसतं. हाँगकाँगचे मुडदे कपाळाला पिवळा कागद लावून टुणटुण उड्या मारत येतात, त्यांचं हसू येतं, आणि हसता हसता कधी घाबरलो ते कळत नाही. अमेरिकेच्या मुडद्यांचं नाव मोठं, पण तिथली जिवंत माणसं इतकी बडबडतात की आपण मुडद्यांच्या बाजूने होतो. आणि मुडदा धावता कामा नये. धावला की तो साधा चोर झाला. आपल्याकडच्या हिंदी भुतांबद्दल तर बोलायलाच नको. आपलं भूत म्हणजे ज्याचं काहीतरी राहून गेलंय असा माणूस. ते दिलं, सूड पुरा झाला, की गेला बिचारा. झॉम्बीला काही नको असतं. त्याच्या मनात कोणाबद्दल राग नसतो, तो नुसता येत राहतो. मला हे फार आवडायचं, कदाचित माझ्या स्वभावात ते अजिबात नाही म्हणून.

माझ्याजवळच्या सगळ्या कॅसेटींत एक वेगळी होती. सिनेमा कुठल्या देशाचा ते कळत नव्हतं. भाषा कानाला अनोळखी, खाली अक्षरं अरबी. सुरुवातीला मच्छीमारांची एक होडी तयार होत असते, आणि हे लोक बुडणार हे कोणी न सांगता आपल्याला कळतं. बुडतात. मग एके सकाळी ते बंदरावर चढून येतात, ओल्या कपड्यांनिशी, सावकाश. कोणाला चावत नाहीत, कोणाला खात नाहीत. आपापल्या घरी जातात आणि दारात उभे राहतात. इतका शांत आणि इतका भयंकर सिनेमा मी पुन्हा पाहिला नाही. त्या कॅसेटीच्या मागचा प्लास्टिकचा तुकडा मी स्वतः मोडून टाकला होता. तो मोडला की त्या कॅसेटीवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.

आमच्या सगळ्यांच्याच कॅसेटी काकांच्या कपाटात राहायच्या, कारण मशीन त्यांच्याकडे. सुट्टीच्या दुपारी मी वर जायचे. काकू खाली बसून भाजी निवडायच्या आणि पडद्याकडे पाठ करायच्या, पण बघू नको असं कधी म्हणाल्या नाहीत. काका म्हणायचे. "मुलीच्या जातीला शोभतं का हे? मढी कसली बघतेस!" मी खाली मान घालून ऐकायचे. मशीन त्यांचं होतं.

त्यांच्या मुलाचं लग्न झालं. शूटिंगवाल्याने काटछाट करून, सनईबिनई घालून लग्न तयार केलं आणि ते उतरवून द्यायला एक कॅसेट मागितली. काकांनी कपाट उघडलं आणि माझी दिली. मागच्या मोडलेल्या जागेवर चिकटपट्टी लावून दिली, म्हणजे पुन्हा रेकॉर्ड होतं. चुकून उचलली म्हणावं तर ही चिकटपट्टी आड येते. ती हाताने कापून, नीट बसवून लावलेली होती.

मला कळलं ते कॅसेटीवरून. वर "शुभविवाह" असं लिहिलेला कागद, त्याखाली माझ्या अक्षरातला जुना कागद दिसत होता. मी विचारलं तर काका म्हणाले, "अगं, घरात मंगलकार्य झालं. तुझी ती मढी पुसली तर पुण्यच लागेल तुला." आणि हसले. मी पण हसले. घरी येऊन मोरीत पाणी सोडून रडले.

दोन-चार दिवसांनी काकू देवळात गेल्या होत्या, काका बाहेर होते, सूनबाईंनी दार उघडलं. मी म्हटलं, लग्न बघते. कॅसेट लावली आणि पुढे पळवली. लग्न तासाभराचंच होतं. शेवटी काका हॉलच्या दारात हात जोडून लोकांना निरोप देताना दिसले, पडद्यावर थोडं खरखरलं, आणि बंदर आलं. माझे मुडदे पाण्यातून वर चढत होते. होडी गेली होती, बुडणं गेलं होतं, पण परत येणं शाबूत होतं. मी कॅसेट परत सुरुवातीपर्यंत गुंडाळून जागेवर ठेवली आणि कोणाला एक अक्षर बोलले नाही.

पुढच्या रविवारी बोरिवलीहून व्याही-विहीण सहकुटुंब जेवायला आले. तेव्हा लग्नाची कॅसेट बघणं हा जेवणानंतरचा कार्यक्रमच असायचा. काकांनी मला वर बोलावलं. "तू लाव गं, तुला मशीन कळतं." मी लावली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसले.

लग्नाची कॅसेट कोणी लग्नासाठी बघत नाही. आपलं कोण दिसतंय ते बघतात. ही आमची आत्या, तो तुमचा भाचा, हिची साडी छान आली. विहीणबाई एकेकाबद्दल विचारत होत्या आणि काका अभिमानाने सांगत होते. त्यांचा चष्मा नेहमीसारखा कपाळावर होता. अक्षता झाल्या, पंगती झाल्या, काकांनी दारात हात जोडले. पडदा खरखरला. बंदरावरून माणसं चालत येऊ लागली.

विहीणबाईंनी विचारलं, "हे कोणाकडचे?"

"आमच्याकडचे," काका म्हणाले. "गावची मंडळी. रात्रभर एसटीने आली बिचारी."

"ओले कसे हो सगळे?"

"कोकण आहे ना आमचं," काका म्हणाले.

मग सगळ्यात पुढच्याने मान वळवली. त्याला अर्धा चेहरा नव्हता. विहीणबाई किंचाळल्या, व्याह्यांच्या हातातली श्रीखंडाची वाटी सतरंजीवर उपडी झाली आणि सूनबाई पदर तोंडात कोंबून आत पळाली. ती हसत होती. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा रविवार होता.

संध्याकाळी काका खाली आमच्या दारात आले. "तू मुद्दाम केलंस."

"काका, कॅसेट माझी होती."

"पुसून टाक ते."

"पुसायला गेलं तर लग्नही जाईल," मी म्हटलं. हे साफ खोटं होतं. पण मशीन कोणाला कळत होतं? त्यानंतर त्या घरात लग्नाची कॅसेट लागली की एकाला बंद करायच्या बटणावर बोट ठेवून बसावं लागायचं. आणि बोरिवलीकर आले की जिन्यातूनच विचारायचे, "काय, गावची मंडळी बरी आहेत ना?" काका कसनुसे हसायचे. मला ते ऐकू यावं म्हणून मी दार उघडं ठेवायचे.

पुढे काका हार्ट अटॅकने गेले. तेराव्याला जेवणं उरकल्यावर मुलाने मला बोलावलं. काका हलताना-बोलताना दिसतील असं घरात दुसरं काही नव्हतं. मी कॅसेट लावली. कोणी कोणाला ओळखून दाखवत नव्हतं. काकांनी दारात हात जोडले आणि बटणावर बोट ठेवायला कोणी बसलेलंच नव्हतं.

मंडळी चालत आली. मी उठले, तशा काकू म्हणाल्या, "राहू दे गं." माझा सिनेमा चालू असताना पहिल्यांदाच त्या पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या. मुडदे आपापल्या दारांशी पोचले आणि उभे राहिले. आतली माणसं खिडकीतून बघत राहिली.

"दार उघडत नाहीत?" काकूंनी विचारलं.

"नाही. शेवटपर्यंत कोणी उघडत नाही."

"मी उघडलं असतं," काकू म्हणाल्या.

सिनेमा संपेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. सूड मी काकांवर घेतला होता, आणि तो घेतल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. एक दिवस ही मंडळी बघत त्या खोलीत काकूही बसलेल्या असतील, हे मात्र माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

पडदा काळा झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "ह्याच्या आधी काय होतं गं? आमच्याकडच्या लग्नाने पुसलं ते?"

त्या घरातून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ सरकून बसले आणि होडीपासून सांगायला सुरुवात केली.