काळजीबाईंचा एप्रन

काळजीबाईंना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहा प्यायच्या तो उभ्यानं, एक घोट ओट्यापाशी, एक घोट बाल्कनीत, आणि मग कप कुठे ठेवला म्हणून घरभर शोधाशोध. हे नाव त्यांना, त्या कामाला जात त्या फुलांच्या दुकानातल्या मुलींनी ठेवलं. ते इतकं चपखल बसलं की शेजाऱ्यांनी उचललं, दूधवाल्यानं उचललं, आणि शेवटी त्यांच्या नवऱ्यानंही उचललं.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, शिवणाचे. उभं आयुष्य लोकांचे सूट शिवण्यात गेलं आणि मग डोळ्यांनी दगा दिला. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, माणूस कोण ते आवाजावरून कळायचं. दुकान बंद केलं, मशीन घरी आणलं आणि मास्तर खिडकीशी जे बसले ते बसलेच. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. काळजीबाई वाटेल ते बोलून बघायच्या, भांडूनही बघायच्या. पण भांडायलाही समोरून उत्तर लागतं.

मग एक पांढरं पिल्लू जिन्यातून वर आलं, उघड्या दारातून आत शिरलं आणि मास्तरांच्या मांडीवर चढून झोपलं. मास्तरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा, आणि म्हणाले, "माल चांगला आहे." कित्येक महिन्यांतलं ते त्यांचं पहिलं धड वाक्य. पिल्लाचं नाव गुंडी ठेवलं. मास्तर पुन्हा बोलायला लागले, मांजराशी का होईना. पुढे मांजराच्या तक्रारी सांगायला बायकोशीही. तेव्हापासून काळजीबाईंनी मनाशी एक गोष्ट पक्की धरली होती. गुंडी आहे तोवर हा माणूस आपला आहे. ती गेली तर तो पुन्हा खिडकीशी जाईल आणि या खेपेला परत येणार नाही.

आता काळजी हा ज्यांचा मूळ स्वभाव, त्यांना असं कारण मिळाल्यावर काय विचारता! कपडे धुण्याच्या मशीनचं दार लावण्याआधी त्या आत हात घालून चाचपायच्या, गुंडी समोर दूध पीत असली तरी. फिनेलची बाटली कडीच्या कपाटात. डोकेदुखीच्या गोळ्या डब्यात, डबा पेटीत, पेटी माळ्यावर. डोकं दुखलं तर शिडी लावा. रोज सकाळी त्या मास्तरांना सुयांत दोरे ओवून द्यायच्या, पण सुया झाकणाच्या डबीत, आणि दोऱ्याचा तुकडा जमिनीवर दिसला की जप्त. बाल्कनीला जाळी होती. कुंड्यांमधली निम्मी झाडं, कुणीतरी विषारी सांगितली म्हणून, देऊन टाकलेली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी बागेत उंदरांचं औषध टाकलं तेव्हा काळजीबाईंनी त्यांना असं फैलावर घेतलं की काका त्यानंतर उंदरांशी जमवून घेऊन राहू लागले.

"तू त्या मांजराला काचेच्या बरणीत ठेव," मास्तर म्हणायचे.

"बरणी पडली तर?" काळजीबाई म्हणायच्या. त्या थट्टा करत नव्हत्या.

दुकानात त्या गुच्छ बांधत. गुलाबाचे काटे काढायचे, देठ तिरपे कापायचे, पानं सोलायची. हात असा चाले की नव्या मुली बघत राहत. आणि लिली हा तर त्यांचा प्रांत. लिलीच्या मधोमध ज्या दांड्या असतात, त्यांच्या टोकांना पिवळट केशरी पूड असते. ती कपड्याला लागली की डाग जाता जात नाही. म्हणून फूल उमलताच ती टोकं चिमटीत धरून खुडून टाकावी लागतात. काळजीबाई हे काम बोलता बोलता करायच्या. खुडलं, टाकलं, बोटं कमरेशी पुसली, पुढचं फूल.

लिली मांजराला घातक असते हे त्यांना अर्थातच ठाऊक होतं. फूल, पान, पूड, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. घरी त्यांनी लिलीची पाकळी कधी आणली नाही. उलट लिली मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या विचारायच्या, "घरी मांजर आहे का?" आहे म्हटलं की लिली परत बादलीत.

"अहो, आपण फुलं विकतो, विष नाही!" मालकीणबाई कपाळाला हात लावायच्या.

"तेच सांगतेय त्यांना," काळजीबाई म्हणायच्या.

एवढं सगळं माहीत असलेल्या बाईकडून व्हायचं ते झालंच. लग्नाची मोठी ऑर्डर होती, सगळी पांढऱ्या लिलीची. दिवसभर खुडून बोटं पिवळी झाली. त्यात घाईघाईनं कात्री खिशात टाकताना एप्रनचा खिसा टरकन उसवला. एरवी एप्रन दुकानातच राहायचे, दुकानातच धुतले जायचे. पण खिसा उसवला म्हणून त्यांनी तो घडी करून पिशवीत टाकला आणि घरी मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. त्यामागे थोडा डाव होता. मास्तरांना काम दिलं की ते दिवसभर खुशीत असायचे, आणि खिसा शिवायला त्यांना डोळ्यांची गरज नव्हती.

"या उसवण्याला हसावं की रडावं!" मास्तर खिसा चाचपत म्हणाले. "कोणी शिवला होता हा?"

"तुम्हीच."

"मग कापड वाईट असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी काळजीबाई दुकानात नवा एप्रन घालून उरलेल्या लिल्या खुडत होत्या. बाजूची मुलगी सहज म्हणाली, "मावशी, हाही माखवलात? आत्ताच तर घातला होता."

काळजीबाईंनी मान खाली घातली. कमरेच्या उजव्या बाजूला, जिथे त्या बोटं पुसायच्या तिथे, पिवळा पट्टा उमटला होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. कालच्या एप्रनलाही असाच पट्टा असणार, आणि तो एप्रन घरी होता.

त्यांनी घरी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. मशीन चालू असलं की मास्तरांना फोन ऐकू येत नसे, आणि मशीन चालू होतं म्हणजे एप्रन मांडीवर होता, आणि मांडी कुणाची जागा हे काय सांगायला हवं? हातातली कात्री तिथेच टाकून त्या निघाल्या.

"अहो, गाडी यायची वेळ झाली! हार अर्धे आहेत!" मालकीणबाई ओरडल्या.

"राहू देत अर्धे!" आयुष्यात पहिल्यांदाच त्या काम टाकून गेल्या. बसची वाट बघवेना म्हणून चालायला लागल्या, चालवेना म्हणून पळायला लागल्या, आणि मागून त्यांना हवी असलेलीच बस पुढे निघून गेली. स्वतःला शिव्या घालत त्यांनी टॅक्सी थांबवली. सिग्नलला त्या दार उघडून उतरायला निघाल्या तेव्हा टॅक्सीवाला म्हणाला, "बाई, बसा हो. तुम्ही उतरलात तरी तो लालच राहणार आहे."

घरात मशीन थांबलं होतं. मास्तर प्रसन्न चेहऱ्यानं बसले होते, शिवलेला एप्रन खुर्चीच्या पाठीवर, आणि गुंडी जमिनीवर मागचा पाय वर करून मन लावून अंग चाटत होती. तिच्या पांढऱ्या कुशीवर हातभर नाही पण चांगला तळव्याएवढा पिवळा डाग होता.

काळजीबाईंनी झडप घातली. ओला टॉवेल, पुन्हा ओला टॉवेल, नळाखाली तिची कूस. गुंडीनं त्यांचा हात ओरबाडून काढला.

"अगं, काय झालं? सोड तिला!"

"हे पिवळं काय लागलंय? कधीपासून लागलंय?"

"पिवळं? खडू असेल." मास्तर खुणेसाठी जाडा पिवळा खडू वापरत, तेवढाच त्यांना दिसायचा. "सकाळी मला काहीतरी पिवळं वाटलं खरं. म्हटलं, माझाच खडू. खडूनं काय होतंय?"

"खडू नाही, लिली आहे ती! सकाळपासून चाटतेय ती विष! डोळे फुटले होते का तुमचे?"

शब्द तोंडातून गेला तो गेला. मास्तर उठले. भिंत चाचपत गेले, पायात चप्पल घातली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. टॅक्सीत टॉवेलात गुंडाळलेली गुंडी दोघांच्या मधे होती.

जनावरांची डॉक्टर वयानं त्यांची मुलगी शोभेल अशी होती. तिनं इंजेक्शन देऊन गुंडीला ओकायला लावलं, उरलेली पूड पुसली, रक्त घेतलं, सलाईन लावलं. "लिली आहे हे तुम्हाला माहीत होतं म्हणून बरं," ती म्हणाली. "बहुतेक लोक दोन दिवसांनी आणतात, तोवर मूत्रपिंडं गेलेली असतात. किती पोटात गेलंय ते मात्र सांगता येत नाही. आता सलाईन चालू ठेवायचं आणि लघवीची वाट बघायची. लघवी झाली तर किडन्या चालू आहेत म्हणायचं."

"आणि नाही झाली तर?"

डॉक्टरनं गुंडीच्या डोक्यावरून हात फिरवला.

पिंजऱ्यात गुंडी सलाईनची नळी ओढायला लागली, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरनं तिला टॉवेलावर मास्तरांच्या मांडीवर दिलं. तिथे ती गप्प पडून राहिली. खाणं नाही, आवाज नाही. डॉक्टर येऊन पोट दाबून बघायची, नुसतीच मान हलवायची आणि जायची.

काळजीबाई येरझाऱ्या घालत होत्या. बाकावर बसायच्या, उठायच्या. कोपऱ्यात फिनेलची बाटली उघडी दिसली तशी जाऊन झाकण लावून आल्या. कुणाच्या कुत्र्याच्या गळपट्ट्याचा सुटा दोरा कापून आल्या. खिडकीतल्या कुंडीत कुठलं झाड आहे म्हणून नर्सला विचारून आल्या. नर्स म्हणाली, प्लास्टिकचं. इतकी वर्षं त्या जगभरच्या बाटल्या, सुया आणि कुंड्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करत होत्या, आणि विष त्यांच्याच कमरेला बांधून घरात आलं होतं. पण त्यांना याहून जास्त बोचत होतं ते दुसरंच. गुंडी गेली तर ती एप्रनमुळे जाणार होती. या माणसाला जे बोललं गेलं ते मात्र काही बाहेरून लागलेलं नव्हतं, ते आतूनच आलं होतं. माफी मागायला त्या चार वेळा मास्तरांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि चारही वेळा "पाणी हवंय का?" एवढंच विचारून परत फिरल्या.

मास्तर मान हलवायचे. नको. कालपासून ते एक शब्द बोलले नव्हते. त्यांची नजर समोरच्या खिडकीकडे होती. ती खिडकी बघितली आणि काळजीबाई येरझाऱ्या सोडून शेजारी बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "काल मी जे बोलले..."

"थांब." मास्तरांनी हात वर केला. हात हवेतच ठेवून ते क्षणभर तसेच बसले, कापलेलं माप चुकलंय की काय ते बोटांनी ताडून बघताना बसायचे तसे. मग त्यांनी हळूच गुंडीच्या खाली टॉवेलावर तळवा सरकवला.

"मला दिसत नाही गं नीट," ते म्हणाले. "पण हे ओलं लागतंय. गरम आहे. बघ बरं तू."

काळजीबाईंनी बघितलं. टॉवेल, मास्तरांची पँट, बाक, सगळं भिजलं होतं आणि अजून भिजतच होतं. दवाखान्यात बसलेल्या सगळ्या माणसांना आणि कुत्र्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्या ओरडल्या, "डॉक्टर! मुतली हो, मुतली!"

आणि नवऱ्याच्या ओल्या गुडघ्यावर डोकं टेकून त्या रडायला लागल्या. मास्तरांनी दुसरा, कोरडा हात चाचपत त्यांच्या डोक्यावर ठेवला.